जपानहून प्रॉक्सीमार्फत सवलतीचे स्नीकर्स: कोण मागवू शकतो, कागदपत्रे कोणती, ड्युटी किती

जपानी संकेतस्थळावर सेलमध्ये १२,००० येनला लागलेला बूट दिसला, की आपण येनचे रुपये करतो. सोयीसाठी एका येनला ६० पैसे धरले तर ७,२०० रुपये होतात. हा आकडा दुकानातला आहे, घरपोच किमतीचा नाही. प्रॉक्सीचे शुल्क, जपानमधला स्थानिक टपालखर्च, भारतापर्यंतचे भाडे, कार्डावरचे परकीय चलनाचे शुल्क आणि कस्टमची ड्युटी हे सगळे त्यावर चढते. शेवटच्या रकमेत तुमच्या कागदांचाही हात असतो, म्हणून आधी कागद आणि मग बूट.

प्रॉक्सी म्हणजे काय

बरीच जपानी दुकाने परदेशात माल पाठवत नाहीत, भारतीय कार्ड घेत नाहीत आणि खाते उघडायला जपानी मोबाइल क्रमांक मागतात. झेनमार्केट, बायी, फ्रॉम जपान यांसारख्या सेवा तुमच्यासाठी स्वतःच्या नावाने खरेदी करतात, माल त्यांच्या गोदामात उतरवतात आणि तिथून तुमच्या पत्त्यावर पाठवतात. फॉरवर्डिंग सेवा वेगळी. ती फक्त जपानमधला पत्ता देते, खरेदी तुम्हालाच करावी लागते. भारतीय कार्ड वापरणाऱ्याला पहिला प्रकार सोयीचा.

कोण मागवू शकतो

स्वतःच्या वापरासाठी बूट मागवायला आयात-निर्यात कोड लागत नाही, जीएसटी क्रमांक लागत नाही, कुठली परवानगीही काढावी लागत नाही. अशा आयातीसाठी कस्टम टॅरिफमध्ये ९८०४ हे वेगळे शीर्षक आहे: टपालाने किंवा विमानाने आलेल्या, वैयक्तिक वापराच्या वस्तू.

किती जोड म्हणजे ‘वैयक्तिक’, हा आकडा कायद्यात नाही. ठरवतो तो तपासणारा अधिकारी. दोन वेगळ्या मॉडेलचे दोन जोड सहसा कोणी अडवत नाही. एकाच मॉडेलचे सात, आठ आणि नऊ नंबरचे तीन जोड एका खोक्यात निघाले, तर ते विक्रीसाठी आहेत असा संशय येणारच. व्यापारी आयात ठरली तर आयात-निर्यात कोड हवा. शिवाय १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या पादत्राणांच्या गुणवत्ता आदेशामुळे बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राचा मुद्दाही पुढे येतो. मित्रमंडळींची मिळून ऑर्डर काढणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. ज्याचा बूट, त्याच्या नावाने त्याचे वेगळे पार्सल.

अठरा वर्षांखालील मुलासाठी असेल तर खाते आणि पार्सल दोन्ही आईच्या किंवा वडिलांच्या नावावर ठेवा. कार्यालयाचा पत्ता टाळा. कंपनीचे नाव दिसले की कुरिअरवाले जीएसटी क्रमांक मागू लागतात.

कागदपत्रे

माल सोडवताना मागवणाऱ्याची ओळख पटवावी लागते, तीच केवायसी. त्यासाठी आधार, पॅन, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. पॅनवर पत्ता नसतो, त्यामुळे पत्त्याचा पुरावा हवा असेल तर आधार किंवा पासपोर्ट हाताशी असू द्या.

सर्वाधिक पार्सले अडतात ती नावावरून. जपानी नमुन्यात नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. आपल्याकडे आधारवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये येते, लग्नानंतर बदललेले आडनाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते, आणि प्रॉक्सीच्या खात्यात कोणी ‘बंटी’ म्हणून नोंद केलेली असते. केवायसीला जे ओळखपत्र देणार, त्यावरचे नाव जसेच्या तसे प्रॉक्सीच्या खात्यात टाका. मधले नाव पहिल्या रकान्यातच जोडून लिहिले तरी चालते. मोबाइल क्रमांक ९१ लावून, पुढचा शून्य काढून द्या. केवायसीचा दुवा आणि ओटीपी त्यावरच येतात.

केवायसीखेरीज हे तयार ठेवा:

१. प्रॉक्सीचे इन्व्हॉइस, ज्यात बुटाची किंमत, प्रॉक्सीचे शुल्क आणि भाडे वेगवेगळ्या ओळींत आहे.
२. उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट. मूळ किंमत खोडून सेलची किंमत दाखवलेली दिसली पाहिजे, आणि तो खरेदीच्याच दिवशी काढा. सेल संपला की ते पान नाहीसे होते.
३. कार्डाच्या विवरणातली नोंद किंवा बँकेचा संदेश.

दुसरा कागद लोक सोडून देतात, आणि सवलतीच्या बुटाला नेमका तोच लागतो. २०,००० येनचा बूट ९,००० ला घेतला, तर अधिकाऱ्याला किंमत मुद्दाम कमी दाखवल्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. मूळ दुकानाची पावती हवी असेल तर ती खरेदीच्या वेळीच प्रॉक्सीकडे मागा. जपानीत तिला ‘र्योशूशो’ म्हणतात. माल गोदामातून निघाल्यावर ती मिळवणे अवघड जाते.

ऑर्डर देताना

जपानमध्ये बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो, आणि तोच धरून चला. यूकेच्या नंबरावर विसंबू नका: नायकीचा २७ सेंटिमीटर म्हणजे यूके ८, तर आदिदासचा २७ सेंटिमीटर म्हणजे यूके ८.५. घरात त्याच कंपनीचा जुना बूट असेल तर त्याच्या जिभेवरच्या लेबलवर सेंटिमीटर छापलेले असतात, ते बघा. पाऊल पसरट असेल तर २ई किंवा ४ई अशी रुंदी निवडा. जपानी बाजारात ती सहज मिळते, आणि आपल्याकडे दुर्मीळ असल्यामुळे मागवण्याचे ते एक खरे कारण आहे.

जपानी दुकानांत ग्राहकाला दाखवलेली किंमत १० टक्के उपभोग करासह असते. प्रॉक्सी ती किंमत करासहितच भरते, त्यामुळे पर्यटकाला मिळणारी करमाफी इथे मनात धरू नका.

लिलावाच्या आणि जुन्या मालाच्या संकेतस्थळांवर चार शब्द ओळखता आले पाहिजेत. ‘शिनपिन’ म्हणजे नवा. ‘मिशियो’ म्हणजे न वापरलेला, पण तो दहा वर्षे कपाटात पडलेला असू शकतो. ‘हाको नाशी’ म्हणजे खोका नाही. ‘वाके आरि’ म्हणजे काहीतरी खोट आहे. ‘कासुइ बुंकाइ’ दिसले तर पान बंद करा. हवेतल्या ओलाव्याने पॉलियुरेथेनचा मधला तळ कुजतो, त्याचे हे नाव आहे. असा बूट दिसायला कोरा असतो आणि पहिल्या फेरफटक्यात तळ भुसभुशीत होऊन सुटतो. पॉलियुरेथेनचा तळ असलेला, सात-आठ वर्षांपूर्वी बनलेला कुठलाही ‘न वापरलेला’ जोड याच संशयाने पाहावा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेत तो त्याहूनही कमी टिकेल.

वापरलेले बूट मागवू नयेत हे बरे. परकीय व्यापार धोरणात वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित वर्गात येते. एखाद्या जोडासाठी तो वाद अंगावर घेण्यात अर्थ नाही.

गोदाम आणि भाडे

माल गोदामात आला की साधारण ३० ते ६० दिवस फुकट ठेवता येतो. मुदत सेवेनुसार बदलते. फोटो काढून देण्याची सोय असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. नंबरचे लेबल, दोन्ही पाय आणि तळ, एवढे बघितले तरी पुरते. चुकीचा नंबर आला असेल तर तो जपानमध्येच परत करणे शक्य असते, इथे आल्यावर जवळजवळ नसते.

आता भाडे. खासगी कुरिअर आकारमानावरून वजन काढतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५,०००. बुटाचा ३५ × २५ × १३ सेंटिमीटरचा खोका म्हणजे जवळपास २.३ किलो. आतला माल सव्वा किलोचा असला तरी पैसे २.३ किलोचे. टपाल खात्याची ईएमएस ही जलद सेवा प्रत्यक्ष वजन धरते, म्हणून एका जोडाला ती बहुधा स्वस्त पडते. खोका काढून टाकायला सांगितले तर भाडे आणखी उतरते, मात्र बूट दबतो. संग्रह करणाऱ्याने खोका ठेवावा, पायात घालणाऱ्याने सोडावा.

पार्सलवरच्या कस्टमच्या घोषणापत्रात ‘शूज’ एवढेच न लिहिता ‘नवे पुरुषांचे स्पोर्ट्स शूज, १ जोड, वैयक्तिक वापर’ असा तपशील इंग्रजीत द्या. ‘गिफ्ट’वर खूण करू नका. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये गेली. राखी आणि जीवरक्षक औषधे सोडली तर टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूलाही आता पूर्ण ड्युटी भरावी लागते, आणि स्वतः विकत घेतलेला बूट भेट म्हणून दाखवणे ही चुकीची घोषणा ठरते. किंमत कमी दाखवायला सांगणे त्याहून वाईट. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो, कलम ११२ खाली दंड लागतो. शिवाय पार्सल हरवले तर विम्याचे पैसे घोषित किमतीएवढेच मिळतात.

ड्युटीचा हिशेब

‘७७ टक्के ड्युटी’ हा आकडा अजून तोंडोतोंडी फिरतो. तो खोटा नव्हता: ३५ टक्के मूळ शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि वर २८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), मिळून ७७.२८. नंतर मूळ शुल्क २० टक्क्यांवर आले, २०२६ च्या अर्थसंकल्पात ते १० टक्के करण्याची घोषणा झाली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ९८०४ वरचा आयजीएसटी १८ टक्के आहे. पार्सल निघण्याआधी त्या दिवसाचे दर पाहून घ्या, कारण अर्थसंकल्प दर फेब्रुवारीत येतो.

२,५०० रुपयांपर्यंतच्या बुटाला ५ टक्के जीएसटी आहे, मग आम्हाला १८ का, असे अनेकजण विचारतात. ५ टक्के पादत्राणांच्या शीर्षकाखाली आहे. वैयक्तिक आयात ९८०४ मध्ये जाते, तिथे बूट आणि घड्याळ एकाच मापाने मोजतात.

ड्युटी बुटाच्या किमतीवर नाही, तर बूट, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. इथे दोन नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण फारसे कोणाला माहीत नसतात. एक, विमानाने आलेल्या मालाचे भाडे कितीही असो, मूल्यात ते मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. दोन, खरेदीदाराने स्वतःच्या दलालाला दिलेले कमिशन मूल्यात धरत नाहीत, आणि प्रॉक्सीचे शुल्क त्याच जातीचे. म्हणूनच इन्व्हॉइसवर या रकमा वेगळ्या हव्यात. एकच एकत्र आकडा असेल तर ड्युटी सगळ्यावर बसते. येनचा दर बँकेचा नसून कस्टमने जाहीर केलेला असतो.

सुरुवातीचाच बूट घेऊ. किंमत ७,२०० रुपये. ईएमएसचे भाडे ४,५०० येन, म्हणजे २,७०० रुपये, पण मूल्यात धरायचे फक्त १,४४०. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे ८१. एकूण मूल्य ८,७२१ रुपये. मूळ शुल्क १० टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि १८ टक्के आयजीएसटी धरले तर ८७२ + ८७ + १,७४२, म्हणजे सुमारे २,७०२ रुपये ड्युटी. भाडे पूर्ण धरले गेले असते तर ३,०९२ झाली असती.

आता एकूण खर्च. बूट आणि भाडे ९,९००. प्रॉक्सीचे शुल्क ५०० येन धरून ३००. कार्डावर ३.५ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी मिळून सुमारे ४२१. ड्युटी २,७०२. बेरीज १३,३२३ रुपये, तीही दुकानाने गोदामापर्यंत फुकट पोहोचवले असे धरून. भारतात हाच बूट सेलमध्ये बारा हजारांना मिळत असेल तर हा सगळा उपद्व्याप तोट्याचा आहे. इथे न येणारे मॉडेल, न मिळणारी रुंदी, किंवा मूळ किमतीच्या निम्म्याखाली उतरलेला महाग बूट असेल तरच तो परवडतो. स्वस्त बुटावर भाडेच खाऊन टाकते.

माल भारतात आल्यावर

ईएमएसचे पार्सल विदेश डाकघरात तपासले जाते. मुंबईचे बॅलार्ड इस्टेटला आहे. तपासणी झाली की ड्युटीची रक्कम पार्सलवर लागते आणि पोस्टमन ती टपालाच्या थोड्या शुल्कासह घेऊन माल देतो. शंका असेल तर कागद मागणारे पत्र येते. त्याला वरचे तीन कागद आणि केवायसी जोडून, पार्सल क्रमांक लिहून मुदतीत उत्तर द्या. उत्तर गेले नाही तर माल जपानला परत जातो, आणि ते भाडे प्रॉक्सी तुमच्याकडूनच घेते.

कुरिअरने आले तर कंपनी तुमच्या वतीने बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचे कस्टमला द्यायचे विवरण, भरते, ड्युटी आधी भरते आणि त्याचे सेवाशुल्क व त्यावरचा जीएसटी बिलात लावते. हे शुल्क ईएमएसमध्ये नसते. बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागून घ्या. शीर्षक ९८०४ च आहे ना, भाडे किती धरले, अधिभार लावला का, हे सगळे त्यातच दिसते. आकारणी चुकीची वाटली तर आधी लेखी विचारणा करा. आदेशाविरुद्ध आयुक्तांकडे ६० दिवसांत अपील करता येते. चारशे रुपयांसाठी कोणी अपिलात जात नाही, पण पैसे भरण्याआधी पाठवलेला एक ईमेल पुष्कळदा काम करून जातो.

‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या यूपीआयवर पैसे भरा’ असा संदेश आला तर थांबा. कस्टम खाते कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागत नाही, आणि त्यांच्या अधिकृत पत्रावर डीआयएन हा क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, संकेतस्थळावर तपासता येतो. ट्रॅकिंग क्रमांक दुव्यावर न दाबता कंपनीच्या किंवा टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा.

कार्डाबद्दल एक गोष्ट राहिली. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर आधी सुरू करा आणि मर्यादा घाला. भाड्याचे पैसे माल गोदामात आल्यावर वेगळे कापले जातात. तोवर आंतरराष्ट्रीय वापर पुन्हा बंद केलेला असेल तर व्यवहार फसतो आणि फुकट साठवणीचे दिवस मात्र मोजले जात राहतात.