शिष्य कोणाला म्हणायचं? हंगामाच्या सणामागचा एक जुना वाद

पाऊस ओसरला, बाजरी खळ्यावर आली, की नगरकडच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्या पुन्हा भरू लागतात. पावसाळ्यात रेंगाळलेल्या घरप्रार्थना, भगिनी मंडळ, शब्बाथ शाळा (रविवारचा बायबलचा वर्ग) असं सगळं मार्गी लागतं आणि हंगामाचा सण येतो. वेदीपुढे कणसं, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना आटोपली की लिलाव. पाच रुपयांचं लिंबू दोनशेला जातं, घेणारा ते परत टेबलावर ठेवतो आणि बोली पुन्हा सुरू. प्रथमफळांची अर्पणं बायबलात आहेतच. पण आजच्या सणाचा साचा मात्र १८४३ मध्ये कॉर्नवॉलच्या एका पाळकाने घालून दिला, तिथून तो मिशनबरोबर इकडे आला.

याच दिवसांत उपदेशाला ‘शिष्यत्व’ हा विषय बऱ्याचदा घेतला जातो. शब्द साधा वाटतो, पण त्यात गुंता आहे. मूळ ग्रीक ‘मथेतेस’ म्हणजे शिकणारा. नव्या करारातल्या शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत तो पानोपानी येतो, पुढच्या पत्रांत एकदाही नाही. मराठीत ‘शिष्य’ म्हटलं की गुरू आला, दीक्षा आली, गुरूच्या घरी राहणं आलं. ‘सभासद’ला यातलं काहीच लागत नाही, त्याला वर्गणी आणि वहीत नाव पुरतं.

दोन शब्दांमधलं हे अंतर १९१७ मध्ये उघड्यावर आलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, पुढे रेव्हरंड झालेल्या मराठी कवीने, नारायण वामन टिळकांनी, मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज भरवला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालत होते, न घेतलेलेही. अट एकच, ख्रिस्ताचं शिष्य होण्याची. मंडळीच्या चौकटीत वाढलेल्यांना हे पचणं अवघड होतं. बाप्तिस्म्याला फाटा दिला तर मग मंडळी म्हणजे काय, हा त्यांचा सवाल काही चुकीचा नव्हता. उलट बाजूचं उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात सापडतं: ‘शिष्य करा’ हे आधी येतं, ‘बाप्तिस्मा द्या’ नंतर. क्रमावरून एवढा अर्थ काढावा का, यावर पंडित भांडोत. मला तरी तो दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, कवी गेले. दरबार फार टिकला नाही आणि वाद निकाली न निघताच बाजूला पडला.

तो बाजूला पडणं काहींच्या सोयीचं होतं. बाप्तिस्मा घेतला की घर तुटायचं. वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० मध्ये कायदा झाला, पण कायद्याने कागदावरचा हक्क वाचवला, पंगतीतली जागा नाही. नगर भागात १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे महार-मांग वस्त्यांमधून कुटुंबंच्या कुटुंबं मंडळीत आली, तेव्हा ‘हे शिष्य की पोटार्थी’ असा प्रश्न बाहेरच्यांइतकाच आतूनही विचारला गेला. उच्चवर्णीय कवीच्या श्रद्धेला मात्र ती कसोटी कोणी तितक्या कडकपणे लावली नाही, हेही नोंदवायला हवं.

स्वातंत्र्यानंतर या वादाला नवं वळण लागलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे, तो दर्जा जाऊ नये म्हणून, रविवारी पहिल्या बाकावर बसणारा, अख्खी गाणी तोंडपाठ असलेला माणूस दाखल्यावर ख्रिस्ती नसतो आणि मंडळीच्या वहीतही नसतो. नागपुरात १९७० च्या नोव्हेंबरात सहा वेगवेगळ्या परंपरा एका मंडळीत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, आल्या. बालबाप्तिस्मा की प्रौढ बाप्तिस्मा, हा तंटा तिथे दोन्ही पद्धती मान्य करून मिटवला. बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याचा प्रश्न त्या तडजोडीने सुटला नाही.

हंगामाच्या रविवारी वेदीपुढचं कणीस कोणी आणलं, हे कोणी विचारत नाही, लिलावात बोली लावणाऱ्याचा दाखलाही कोणी मागत नाही. त्याच उपासनेत प्रभुभोजन असलं, तर भाकर आणि प्याला घ्यायला रांग पुढे सरकते, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेली दोन-चार माणसं बाकावरच बसून राहतात.