डार्विनचा बिननावाचा भुंगेरा

डार्विनला भुंगेऱ्यांचा नाद केंब्रिजपासूनचा. दोन्ही हातांत एकेक भुंगेरा असताना तिसरा दिसला, म्हणून हातातला एक त्याने सरळ तोंडात टाकला. त्या किड्याने जिभेवर जळजळीत द्रव सोडला आणि थुंकावं लागलं, ही हकिगत त्यानेच लिहून ठेवली आहे. असा माणूस १८३२ मध्ये अर्जेंटिनात बाहिया ब्लांकाला उतरल्यावर महाकाय प्राण्यांच्या जीवाश्मांबरोबर किडेही गोळा करणारच. जीवाश्मांचं नाव झालं. एक भुंगेरा मात्र लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बिननावाचाच पडून राहिला.

तो होता रोव्ह बीटल. या कुळात साठ हजारांहून जास्त प्रजाती आहेत, पण बघणाऱ्याला हा भुंगेरा वाटतच नाही. इतर भुंगेऱ्यांची पाठ कडक पंखांनी पूर्ण झाकलेली असते. याचं जाकीट कमरेच्या वरच संपतं आणि लांबुळकं पोट उघडं राहतं. उडायचे मोठे, पातळ पंख मात्र त्या तोकड्या झाकणाखाली बसवावे लागतात. उतरला की तो पोट वर वळवतो आणि त्याच्या आधाराने पंख आत सारतो. गंमत म्हणजे डाव्या आणि उजव्या पंखाच्या घड्या एकसारख्या नसतात. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी हे हाय-स्पीड कॅमेऱ्याने टिपलं.

याच कुळातला पेडेरस आपल्याकडेही आहे. पावसाळ्यात दिव्यावर येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्या रक्तातल्या पेडेरिन या विषामुळे त्वचा भाजल्यासारखी होते. पट्ट्यासारखा चट्टा बघून घरचे ‘नागीण’ म्हणून मोकळे होतात. दिसला तर फुंकर मारा, हाताने रगडू नका.

तर, डार्विनचा भुंगेरा. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनुगा इथल्या शाखेतले स्टिलियानोस चॅटझिमानोलिस यांनी अभ्यासासाठी लंडनहून नमुने मागवले होते. त्यात हा निघाला: डोकं झळाळतं निळं-हिरवं, मिशा करवतीसारख्या दातेरी. आणि लेबलवर डार्विनचं नाव! संग्रहालयातला किडा लेबलाशिवाय जवळजवळ निरुपयोगी असतो; कुठे, कधी, कोणी पकडला हे त्या कागदाच्या कपट्यावरूनच कळतं.

हा किडा माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीत बसेना, तेव्हा नवी प्रजातीच नव्हे, जवळच्या प्रजातींचा जो गट असतो (जीनस), तोही नवा करावा लागला. ‘डार्विनिलस सेडारिसी’ हे नाव १२ फेब्रुवारी २०१४ ला, डार्विनच्या २०५व्या जन्मदिनी, प्रसिद्ध झालं. नावाचा उत्तरार्ध अमेरिकी विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस यांच्यावरून. नमुने हाताळताना चॅटझिमानोलिस त्यांची ऑडिओबुक्स ऐकत बसायचे.

पकडल्यापासून नाव मिळेपर्यंत १८२ वर्षं. हे टोकाचं उदाहरण खरं, पण २०१२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त आलेल्या एका अभ्यासात ही सरासरी २१ वर्षं निघाली होती. जंगल तुडवून किडे आणणारे पुष्कळ मिळतात. महिनोन्‌महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मिशांचे खंड मोजणारा, जुळ्यासारख्या दिसणाऱ्या दोन प्रजाती नराच्या जननेंद्रियावरून वेगळ्या काढणारा माणूस सहसा मिळत नाही, आणि मिळाला तर त्याला नोकरी मिळत नाही.

नाव दिलं तेव्हा या प्रजातीचे दोनच नमुने जगाला माहीत होते: हा एक आणि दुसरा बर्लिनच्या संग्रहालयात. अर्जेंटिनातला तो मुलूख आता बराचसा शेतीखाली गेला आहे. तरी हा भुंगेरा तिथे अजून तग धरून असावा, अशी आशा चॅटझिमानोलिस यांनी तेव्हा व्यक्त केली होती.