मधुमेहाचे टीम-उपचार : निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण

मेडिसिन किंवा तत्सम विषयात एम.डी. करणाऱ्या निवासी डॉक्टरांना परिचारिका, आहारतज्ज्ञ, औषधनिर्माता, नेत्रतज्ज्ञ आणि आशा सेविका यांच्या जोडीने मधुमेही रुग्ण सांभाळायला शिकवण्याची पद्धत. अभ्यासक्रम ३ वर्षांचा असतो. राज्यातील संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. ‘जिल्हा निवासी कार्यक्रमा’त ३ महिने जिल्हा पातळीवर काढावे लागतात, वॉर्डाबाहेरची टीम खरी भेटते ती तिथे.

मुख्य साधन म्हणजे खुर्ची बदलणे. निवासी डॉक्टर काही दिवस औषधे न लिहिता सिस्टरच्या टेबलाशी बसतो आणि रुग्णाला त्याच्या नेहमीच्या सिरिंजने इन्सुलिन भरून दाखवायला सांगतो. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा १ मिलीला ४० युनिट, पेनमधले १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरले, तर २० ऐवजी ५०. पहिल्या चुकीत केसपेपर बिनचूक असतो, साखर मात्र उतरत नाही, आणि डॉक्टर डोस वाढवत राहतो. रोज एकाच जागी टोचल्याने पोटावर झालेल्या गाठीही अशाच निसटतात. त्या बोटांनी चाचपाव्या लागतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा, कारण घाईत लिहिलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसून १० चे १०० होतात.

वॉर्डात चूक होते ती वेळेची. साधे (रेग्युलर) इन्सुलिन जेवणाआधी सुमारे ३० मिनिटे द्यायचे असते. सिस्टरने ते वेळेवर दिले आणि जेवणाची गाडी तासभर उशिरा आली, की रुग्णाला घाम फुटतो. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाजून १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. जेवणाच्या गाडीची वेळ ठाऊक नसलेल्या निवासी डॉक्टराला हा विषय समजला असे म्हणता येत नाही.

आहारतज्ज्ञाकडून शिकायचे ते उपवासाचे प्रश्न. भगर-साबुदाण्याने साखर चढते. निर्जळी उपवासात मात्र ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू राहिले तर ती धोकादायक उतरते. म्हणून श्रावण आणि नवरात्राच्या आधीच्या भेटीतच डोस ठरवतात. पायांची तपासणी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का ते पाहण्याचा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कने होते. संवेदना गेलेल्या रुग्णाला त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी अनवाणी करू नका, हे स्पष्ट सांगावे लागते. घरच्यांसमोर सांगितले तर ते पाळले जाण्याची शक्यता अधिक.

एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) साखर आटोक्यात नसेल तर दर ३ महिन्यांनी, लघवीतले अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा साधारणपणे वर्षातून एकदा तपासतात. यातले काय कोणी पाहायचे हे ओपीडीआधीच्या छोट्या बैठकीत ठरते. बैठक टळली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल.

सर्वांत कच्चा दुवा डिस्चार्जचा. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर फ्रिज नसेल तर इन्सुलिन माठाच्या गारव्याला ठेवायचे, उघडलेली कुपी साधारण ४ आठवडेच वापरायची, हे मराठीत एका चिठ्ठीवर लिहून तिची प्रत आशाताईंना द्यायची असते. ती चिठ्ठी रुग्णाकडून वाचून घ्यायची. निरक्षर असेल तर त्याच्या तोंडून ऐकायची.