तारेखालचं चुंबक: नव्या इलेक्ट्रिक गिटारच्या बातम्या कशा वाचायच्या

ऑगस्ट 2024 मध्ये फेंडरने ‘प्लेयर टू’ ही गिटारची नवी मालिका बाजारात आणली. मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यात बनणाऱ्या, मध्यम किमतीच्या या गिटार. बातम्यांचे मथळे ठरल्यासारखेच होते: शिसवी फ्रेटबोर्ड (मानेवरची, बोटांनी तारा दाबायची पट्टी) परत आला, त्याच्या कडा गोलसर केल्या, काही मॉडेल्समध्ये आतून पोकळ कप्पे कोरलेली हलकी बॉडी मिळणार, रंग नवे. पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवतीची गुंडाळी, याविषयी जेमतेम एक ओळ होती, ‘अल्निको 5 सिंगल कॉइल’, म्हणजे अल्निको या मिश्रधातूचं चुंबक आणि एकच गुंडाळी. आवाजाच्या दृष्टीने अख्ख्या बातमीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि ती अपुरी आहे. ती पुरी करायला काय लागतं हे समजलं, तर पुढची प्रत्येक ‘न्यू रिलीज’ वाचायला जास्त मजा येते आणि पैसेही योग्य जागी खर्च होतात.

1930 च्या आसपास अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये गिटारवाल्याची पंचाईत होती. ट्रम्पेट आणि ड्रमपुढे त्याचं वाजवणं कुणाला ऐकूच जायचं नाही. त्यावर जॉर्ज बोशॅम्पने 1931 मध्ये उपाय शोधला: तारांभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची चुंबकं आणि तारांखाली तांब्याच्या तारेची गुंडाळी. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकरच्या मदतीने 1932 पासून ही अ‍ॅल्युमिनियमची हवाईयन गिटार विकायला आली, आणि 1937 मध्ये तिचं पेटंट मंजूर झालं. आजची पंचवीस हजारांची असो की पाच लाखांची, बहुतेक प्रत्येक इलेक्ट्रिक गिटार याच तत्त्वावर चालते.

तत्त्व फॅरेडेचं आहे, 1831 सालचं, शाळेत शिकलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. पिकअपमधलं चुंबक वरच्या पोलादी तारेला चुंबकत्व देतं. तार छेडली की कॉइलमधून जाणाऱ्या बलरेषा कमीजास्त होतात आणि त्या बदलाच्या वेगानुसार कॉइलमध्ये व्होल्टेज उमटतो. म्हणजे पिकअप हवेतला आवाज ऐकतच नाही. नायलॉनच्या तारा लावा, तो मुका राहील. अकूस्टिकच्या ब्रॉन्झ तारा लावल्या तर त्यांच्या आतल्या पोलादी गाभ्यापुरतंच त्याला कळेल, आणि काही तारा विचित्रपणे हळू वाजतील. शिवाय पिकअपला तार किती लांब गेली ते कळत नाही, ती किती वेगाने हलते ते कळतं. वेग हे इथलं चलन असल्यामुळे तारेतले उंच उपस्वर त्याला ठळक दिसतात.

एक सिंगल कॉइल उघडून पाहण्यासारखा असतो. सहा चुंबकी दांड्यांभोवती 42 गेजची तार, जाडी सुमारे 0.06 मिलिमीटर, साधारण सात-आठ हजार वेढे. बोटांच्या चिमटीत धरली तर तार आहे की नाही हेच समजत नाही, आणि गुंडाळताना ताण जरा वाढला की तुटते. इतके वेढे घातले की या कॉइलला इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) येतो, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर ऊर्फ स्ट्रॅट गिटारच्या पिकअपमध्ये दोन-अडीच हेन्रीच्या आसपास. दुसरीकडे गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या केबलला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) असतो, मीटरला साधारण 100 पिकोफॅरड. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की रेडिओ ट्यून करायच्या सर्किटसारखंच एक सर्किट तयार होतं. एका ठरावीक कंपनसंख्येला ते उचल देतं आणि तिच्या वरचं सगळं कापत जातं. ‘हिचा टोन चमकदार’, ‘तिचा जाडसर’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपण बहुतेक वेळा या उंचवट्याच्या जागेबद्दल बोलत असतो.

आता हिशेब करून पाहू. पिकअप 2.4 हेन्रीचा, केबल 5 मीटरची, पिकअपचा स्वतःचा कपॅसिटन्स 100 पिकोफॅरड धरला, तर उंचवटा येतो सुमारे 4200 हर्ट्झवर. तीच गिटार, फक्त केबल 10 मीटरची घेतली, तर उंचवटा 3100 हर्ट्झवर उतरतो. आणि 4.5 हेन्रीचा हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, 5 मीटरच्या केबलवर कुठे येतो? तोही 3000-3100 च्याच आसपास. हे मला अजूनही विलक्षण वाटतं. लांब केबल लावली की स्ट्रॅटच्या आवाजाचा वरचा भाग हमबकरच्या जवळ जातो, आणि या केबलचा उल्लेख कुठल्याही नव्या मॉडेलच्या माहितीपत्रकात नसतो. गिटारला वायरलेस लावल्यावर ‘आवाज एकदम उघडला’ असं अनेकांना वाटतं, त्याचं कारण हेच: लांब केबलचा कपॅसिटन्स पिकअपवरून उतरलेला असतो. बफर, म्हणजे पिकअपला पुढच्या केबलपासून वेगळं ठेवणारं छोटं सर्किट, असलेल्या पेडलनंतर केबल कितीही लांब असली तरी तिचा पिकअपवर परिणाम होत नाही; महत्त्वाची आहे ती गिटार ते पहिला बफर ही केबल.

उंचवटा कुठे येतो ते इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स ठरवतात. तो किती टोकदार असेल ते बऱ्याच अंशी व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे पॉट (फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) ठरवतात. सिंगल कॉइलला सहसा 250 किलोओहमचे आणि हमबकरला 500 चे लावतात. कमी मूल्याचा पॉट उंचवटा दाबतो, जास्त मूल्याचा तो मोकळा सोडतो. कंपन्या मात्र बहुधा पिकअपचा डीसी रेझिस्टन्स छापतात, ‘8.2 के’ वगैरे, आणि दुकानात त्यालाच ‘आउटपुट’ समजलं जातं. तो आकडा नुसता तांब्याच्या लांबीचा आणि जाडीचा आहे. बारीक तार घेतली तर वेढे तेवढेच राहूनही तो वाढतो. इंडक्टन्स छापणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत. ज्या छापतात त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

आता घूं आवाजाकडे येऊ, कारण दर नव्या रिलीजमध्ये ‘नॉइजलेस’ हा शब्द कुठेतरी असतोच. सिंगल कॉइल म्हणजे एक छान अँटेनाही असतो. घरातल्या ट्रान्सफॉर्मरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तो इमानदारीने पकडतो. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे तिथला मूळ हम बी-फ्लॅट आणि बी यांच्या मधे कुठेतरी पडतो. आपल्याकडे 50 हर्ट्झ, म्हणजे 49 हर्ट्झच्या खालच्या जी स्वराला जवळजवळ चिकटून. जी मध्ये गाणं वाजवताना तो थोडा लपतो आणि एफ-शार्पमध्ये उघडा पडतो.

गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते 1959 मध्ये मंजूर झालं. त्याची युक्ती अशी: दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एक उलटी जोडायची आणि तिचं चुंबकही उलटं करायचं. बाहेरून आलेल्या घूं आवाजाला चुंबकाशी देणंघेणं नाही. तो एका कॉइलमध्ये सुलटा आणि दुसरीत उलटा येतो, दोन्ही एकमेकांना खोडतात. तारेचा सिग्नल मात्र दुसऱ्या कॉइलमध्ये दोनदा उलटतो, एकदा चुंबकामुळे आणि एकदा जोडणीमुळे, म्हणजे पुन्हा सुलटा होऊन पहिल्यात मिळतो. स्ट्रॅटच्या पाच-मार्गी स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी घूं आवाज गायब होतो, तेही याच कारणाने: आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा बनवलेला असतो. ‘नॉइजलेस’ सिंगल कॉइलमध्ये बहुतेक वेळा दुसरी कॉइल शेजारी न ठेवता पहिलीच्या खाली रचलेली असते. ती तारेपासून लांब असल्याने तारेचा सिग्नल कमी पकडते, हम मात्र तेवढाच. ही युक्ती चांगली आहे, पण दोन कॉइलचा इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स सांभाळताना उंचवट्याची जागा हलू शकते, म्हणून काही नॉइजलेस पिकअप ‘थोडे बंद’ वाटतात.

घरी एक तपासणी करता येते. अ‍ॅम्प चालू ठेवून तारांना हात लावा. खरखर एकदम कमी झाली तर तो विद्युतक्षेत्रातून आलेला गोंगाट होता. तारा ब्रिजमार्गे (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) ग्राउंडला जोडलेल्या असल्याने तुमचं शरीर अँटेनाऐवजी पडदा झालं. अशा गोंगाटाला हमबकर नाही, आतून तांब्याच्या पत्र्याचं शिल्डिंग लागतं. हात लावून काहीच फरक पडला नाही आणि गिटार फिरवल्यावर आवाज बदलला, तर तो चुंबकीय हम. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात म्हणूनच, हे करण्याआधी भिंतीतल्या थ्री-पिनला खरंच अर्थिंग आहे ना, ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं दाखवायला असू शकतं.

मथळ्यात येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे 24 फ्रेट, फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. दोन स्वर जास्त मिळतात ही झाली उघड बाजू. पण 24 वा फ्रेट ब्रिजपासून बरोबर तारेच्या लांबीच्या पाव अंतरावर येतो, आणि पारंपरिक 21-22 फ्रेटच्या स्ट्रॅटमध्ये नेक पिकअप (मानेजवळचा) साधारण त्याच जागी बसवलेला असतो. मोकळ्या तारेच्या दुसऱ्या हार्मोनिकचं (उपस्वराचं) हेलकावणं तिथे सर्वांत मोठं असतं, आणि चौथा हार्मोनिक तिथे स्थिर असतो, म्हणजे पिकअपला तो दिसतच नाही. नेक पिकअपचा तो गोल, बासरीसारखा स्वर यातून येतो. 24 फ्रेट केले की फ्रेटबोर्ड ती जागा खातो आणि पिकअपला ब्रिजकडे सरकावं लागतं. आवाज त्यामुळे वाईट होत नाही, पण वेगळा होतो, आणि पिकअप बदलून तो फरक भरून निघत नाही.

लाकडाबद्दल इतकं लिहिलं-बोललं जातं की मी थोडक्यात सांगतो. गिटारवादक लेस पॉलने 1940 च्या सुमारास चार इंची चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले आणि दिसायला बरं म्हणून त्याला गिटारचे दोन कापलेले पंख जोडले, वाद्य चाललं. अलीकडे नॅशव्हिलच्या जिम लिल या गिटारवादकाने बॉडी आणि नेक दोन्ही वगळून तारा नुसत्या ताणल्या, खाली पिकअप योग्य अंतरावर ठेवला, आणि रेकॉर्डिंग एका चांगल्या टेलीकास्टर गिटारच्या इतकं जवळ आलं की फरक शोधावा लागला. लाकडाचा काहीच परिणाम नाही असं यातून निघत नाही. नेकचा ताठपणा आणि त्याची स्वतःची कंपनं काही स्वरांची ऊर्जा शोषतात. फेंडरच्या बेसवर पहिल्या तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडणारा ‘डेड स्पॉट’ त्यातूनच येतो. वजन, तोल आणि हाताला लागणारा स्पर्श तर लाकडाचाच. पण ‘महोगनीमुळे ऊबदार’ असं माहितीपत्रकात दिसलं की आधी पिकअप आणि पॉट पाहावेत.

मग शिसवीच्या पुनरागमनाची बातमी एवढी मोठी का? तिच्यामागे आवाज नाही, कायदा आहे. 2 जानेवारी 2017 पासून शिसवीच्या संपूर्ण डाल्बर्जिया वंशावर सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याची अट आली. फ्रेटबोर्डपुरती शिसवी असलेली गिटार सीमेपार पाठवायलाही कागदपत्रं लागू लागली, आणि कंपन्या पाउ फेरोसारख्या लाकडांकडे वळल्या. 2018 ची जुनी प्लेयर मालिका त्याच काळातली. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना या अटीतून सूट मिळाली. गिटारमध्ये ‘इंडियन रोजवूड’ म्हणून जी जाते, ती आपल्या वाड्यांतल्या झोपाळ्यांची आणि कपाटांची शिसवीच, सह्याद्रीच्या रांगेत दक्षिणेपर्यंत वाढणारी. या झाडाला वाढायला अनेक दशकं लागतात, म्हणून परवान्यांची कटकट मला तरी रास्त वाटते.

गिटारपेक्षा सध्या वेगाने बदलतोय तो अ‍ॅम्प. न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स, 2022 चा टोनेक्स, आणि फुकट मिळणारं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर ही खऱ्याची नक्कल करणारी डिजिटल साधनं एकाच कल्पनेवर उभी आहेत. खऱ्या अ‍ॅम्पमधून काही मिनिटांचा ठरलेला सिग्नल सोडायचा, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं हे न्यूरल नेटवर्कला द्यायचं, आणि ते अंदाज सुधारत सुधारत त्या अ‍ॅम्पचं वागणं शिकतं. ट्यूब ज्या पद्धतीने लहर चेपते ते सूत्रात मांडणं अवघड, पण नेटवर्क ते उदाहरणांवरून उचलतं. साध्या कॅप्चरमध्ये, म्हणजे अशा शिकलेल्या नकलेत, अ‍ॅम्पच्या नॉबची फक्त एक स्थिती येते. गेन वाढवला की खरा अ‍ॅम्प कसा बदलला असता, हे त्या कॅप्चरला माहीत नसतं. प्रक्रियेला लागणाऱ्या दोन-तीन मिलिसेकंदांची चिंता करू नका, कारण आवाज हवेतून एक मीटर यायलाही तेवढाच वेळ घेतो. आणि पिकअप-केबलचं सर्किट या डब्याच्या आधी असतं, त्यामुळे वरचा सगळा हिशेब इथेही तसाच लागू पडतो.

दुकानात दोन नवी मॉडेल्स शेजारी घेऊन बसाल, तेव्हा आपली नेहमीची केबल सोबत न्या आणि आधी पिकअपची उंची पाहा. शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून धरली की तार आणि चुंबकाच्या टोकामध्ये सिंगल कॉइलला साधारण 2 मिलिमीटर अंतर असावं, बारीक तारेकडे थोडं कमी. अंतर फार कमी असेल तर चुंबक तारेलाच ओढतं, वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो आणि गिटार बेसूर वाटते. दोष मात्र एका स्क्रूचा असतो. उंची दोन्हीकडे सारखी नसेल तर जवळचा पिकअप जोरात वाजेल, आणि जोरात वाजणारा आवाज कानाला नेहमी भरीव वाटतो, कारण आवाज वाढला की आपल्याला खर्ज जास्त ऐकू येतो. म्हणून आधी दोन्ही गिटारचा आवाज अ‍ॅम्पवर समान पातळीला आणा, मगच कुठली आवडली ते ठरवा.