खंदकातली तबकडी

२४ फेब्रुवारी २०२२च्या पहाटे रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. त्याच्या साधारण तासभर आधी एक हल्ला होऊन गेला होता. वायासॅट या अमेरिकी कंपनीच्या केए-सॅट उपग्रहावरून इंटरनेट घेणारे हजारो मोडेम एकाएकी बंद पडले. उपग्रहाला कोणी हातही लावला नव्हता. घुसखोरांनी जमिनीवरच्या नियंत्रण यंत्रणेत शिरून मोडेमची मेमरी पुसून टाकली होती. युक्रेनचं सैन्य ही सेवा वापरत होतं, पण झळ थेट जर्मनीला पोहोचली. तिथल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांशी दुरून ठेवलेला संपर्क तुटला.

दोनच दिवसांनी युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव यांनी ट्विटरवरून इलॉन मस्क यांच्याकडे त्यांच्या स्पेसएक्स कंपनीची उपग्रह-इंटरनेट सेवा स्टारलिंक मागितली. काही तासांत उत्तर आलं, सेवा सुरू झाली आहे. स्पेसएक्सच्या अध्यक्ष ग्विन शॉटवेल यांनी नंतर सांगितलं की परवानगीच्या पत्राची वाट पाहणं चालूच होतं, ते ट्वीटच आम्ही परवानगी मानलं.

आता खंदकातलं दृश्य. जमिनीत एक खड्डा, त्यात आकाशाकडे तोंड करून ठेवलेली स्टारलिंकची पांढरी चपटी तबकडी, वर जाळी, आणि तिथून तळघरापर्यंत गेलेली एक केबल. एवढ्यावर ड्रोनचं चित्र तोफखान्याच्या पडद्यावर येतं. हे आधीच्या उपग्रहांना जमत नव्हतं, ते अंतरामुळे. जुने दळणवळण उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. प्रकाशाच्या वेगानेही संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर मिळेपर्यंत अर्धा. समुद्रातून ताशी ८० किलोमीटरने जाणारी ड्रोननौका तेवढ्यात ११ मीटर पुढे सरकलेली असते, म्हणजे चालवणारा भूतकाळ बघून सुकाणू फिरवत असतो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आहेत. तिथे सगळा विलंब धरूनही सेकंदाचा पंचविसावा-तिसावा भाग लागतो आणि नौका मीटरभरच सरकते.

पण इतक्या खालचा उपग्रह एका जागी दिसत नाही. दीड तासात तो पृथ्वीला फेरी मारतो, काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. म्हणून हजारो उपग्रह लागतात आणि त्यांच्यामागे सतत वळणारी तबकडीही लागते. ती प्रत्यक्षात वळत नाही. तिच्या पोटात शेकडो बारीक अँटेना असतात. प्रत्येकीची लहर किंचित पुढेमागे सोडली की सगळ्या लहरी एकाच दिशेला जोर धरतात, आणि हा झोत डोळ्याचं पातं लवायच्या आत एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जातो. झोत अरुंद असल्याने शत्रूला तो सहज गढूळ करता येत नाही. रशियाने प्रयत्न केले तेव्हा कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ते बरेचसे हाणून पाडले. हजारो उपग्रहांतले दोन-चार पाडूनही जाळं तुटत नाही.

मला या तंत्राची खरी मेख इथेच दिसते. जो झोत शत्रूच्या हाती लागत नाही, तो मालकाच्या मात्र पूर्ण मुठीत असतो. जमिनीचे छोटे छोटे तुकडे कल्पून कुठल्या तुकड्यात सेवा द्यायची, हे सॉफ्टवेअर ठरवतं. तबकडीला आपली जागा ठाऊक असते, जाळ्याला तिचा क्रमांक. २०२२च्या सप्टेंबरमध्ये युक्रेनच्या ड्रोननौका रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियात, सेवास्तोपोल बंदरातल्या रशियन आरमारावर निघाल्या, तेव्हा क्रिमियाभोवती सेवा नव्हती. ती सुरू करण्याची विनंती मस्क यांनी नाकारली. मोठ्या युद्धकृत्यात कंपनी सामील ठरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण आरमारावर हल्ला व्हावा की नाही, हा प्रश्न एका उद्योजकापाशी येऊन थांबतो, हे मला फार अस्वस्थ करतं.

कायद्याने खरं तर जबाबदारी सरकारचीच आहे. १९६७च्या अंतराळ करारानुसार खासगी कंपनीच्या अंतराळातल्या उद्योगांनाही तिचं राष्ट्र जबाबदार असतं. २०२३मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, युक्रेनसाठी स्टारलिंकशी कंत्राट केलं, त्यामुळे काही गोष्टी तरी कागदावर आल्या. दुसरीकडे रशियाने २०२२मध्येच संयुक्त राष्ट्रांत बजावलं होतं की असे व्यापारी उपग्रह प्रतिहल्ल्याचं रास्त लक्ष्य ठरू शकतात. त्याच जाळ्यावर दवाखाने आणि शाळाही चालतात. युरोप आता आयरिस-स्क्वेअर हे स्वतःचं जाळं उभारतोय, चीनही हजारो उपग्रहांच्या तयारीत आहे.

२४ जुलै २०२५च्या रात्री युक्रेनच्या संपूर्ण आघाडीवर स्टारलिंक बंद पडलं. ड्रोनचे पडदे काळे झाले, काही मोहिमा चित्राविना पार पाडाव्या लागल्या. सुमारे अडीच तास जगभर हीच गत होती. त्या रात्री कोणी हल्ला केला नव्हता. कंपनीच्या मुख्य जाळ्याचं अंतर्गत सॉफ्टवेअर कोसळलं होतं.