बीए करता करता एनएसडी: पात्रता, कागदपत्रं आणि सहा नाटकांचा पुरावा

"नाटकच करायचंय ना, मग बीए कशाला?" दर जूनमध्ये कॉलेजच्या नाट्यमंडळात कुणीतरी हा प्रश्न टाकतंच. उत्तर सोपं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे एनएसडीत, तीन वर्षांच्या पदविकेला अर्ज करायचा तर आधी पदवी लागते. बारावीच्या जोरावर तिथे दार उघडत नाही. पण नुसत्या पदवीवरही उघडत नाही. किमान सहा नाटकांमध्ये सहभाग असल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे कॉलेजचा अभ्यास आणि तालमी हे दोन्ही हिशेब त्याच तीन वर्षांत जुळवायचे. आमच्या ओळखीतले बहुतेक अर्ज अडकले ते या दुसऱ्या हिशेबात, आणि तेही अभिनय कच्चा होता म्हणून नाही, कागद नव्हते म्हणून.

अर्ज कोण करू शकतं

पदवी कुठल्याही शाखेची चालते. बीकॉमवाले, बीएस्सीवाले, इंजिनिअर सगळे जातात. वयाची अट १८ ते ३० वर्षं, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. हिंदी आणि इंग्रजीचं कामचलाऊ ज्ञान हवं. ही अट कागदावर छोटी दिसते, पण तिथलं शिक्षण मुख्यतः हिंदीतून चालतं आणि आपल्याकडच्या मुलांची हिंदी बऱ्याचदा 'मेरेको-तेरेको'च्या पुढे गेलेली नसते. पहिल्या वर्षापासून हिंदी नाटकं मोठ्याने वाचा, याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

जागा सगळ्या देशाला मिळून ३२. एकवीस-बावीसाव्या वर्षी पदवी झाली तर तिशीपर्यंत बरेच प्रयत्न हातात राहतात, तेव्हा पहिल्याच वर्षी निवड झाली नाही म्हणून खचायचं कारण नाही.

बीए कुठल्या विषयात करावं हेही विचारलं जातं. मराठी, हिंदी किंवा इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना संहिता वाचायची सवय लागते, तिचा उपयोग होतो. अतुल कुलकर्णी यांचं उदाहरण आपल्या मुलांना जवळचं वाटावं असं आहे: इंग्रजी साहित्याची पदवी, सोलापुरात 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेत काम, आणि मग एनएसडी.

सहा नाटकं म्हणजे नेमकं काय

एकाच एकांकिकेचे सहा प्रयोग म्हणजे सहा नाटकं नव्हेत. सहा वेगवेगळी नाटकं मोजायची. अट सहभागाची आहे, प्रमुख भूमिकेची नाही. प्रकाशयोजना, नेपथ्य, संगीत, रंगभूषा सांभाळली असेल तर तेही निःसंकोच लिहा. उलट पहिल्या वर्षानंतर तिथे अभिनय किंवा रंगतंत्र-दिग्दर्शन असा रस्ता निवडायचा असतो, तेव्हा विंगेतल्या कामाला कमी लेखायचं काही कारण नाही.

वर्षाला दोन नाटकं धरली तरी तीन वर्षांत सहा होतात. पुण्यातल्या कॉलेजांना पुरुषोत्तम करंडक आहे. महाराष्ट्रीय कलोपासकची ही स्पर्धा १९६३ पासून भरते. फिरोदिया करंडक आहे. मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे. कॉलेजबाहेर पडलात तर राज्य सरकारची हौशी नाट्य स्पर्धा जिल्ह्याजिल्ह्याच्या केंद्रांवर होते, गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धा असतात. तालुक्याच्या गावात असाल तर गणेशोत्सवातलं नाटकही मोजायला हरकत नाही, फक्त त्याचा कागद मागे राहायला हवा. तोच राहत नाही.

पुरावा गोळा करण्याची पद्धत

आता स्वतःचंच सांगतो. माझ्याकडे नाटकं आठ होती आणि कागद चार. एका नाटकाचं पत्रक तालमीच्या हॉलमध्ये चहाच्या कपाखाली विरलं, दुसऱ्यावर माझं नाव 'बंटी' असं छापलेलं होतं. मित्राने कौतुकाने छापलं होतं. पण गुणपत्रिकेवरचा मी आणि पत्रकावरचा बंटी हे एकच गृहस्थ आहेत, हे दिल्लीतल्या माणसाने कशावरून मानायचं?

म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या रात्री, मेकअप उतरवायच्या आधी, तीन गोष्टी करा. श्रेयनामावली छापलेल्या पत्रकाच्या दोन प्रती बॅगेत टाका. तुम्ही ओळखू याल असा एक फोटो घ्या, मागे नाटकाचं नाव असलेला फलक आला तर उत्तम. आणि स्पर्धा असेल तर सहभागाचं प्रमाणपत्र आयोजकांकडून त्याच आठवड्यात मिळवा. सहा महिन्यांनी ज्याच्याकडे शिक्का असतो तो माणूस बदललेला असतो. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या तर कात्रणावर तारीख आणि पेपरचं नाव हाताने लिहून ठेवा. पत्रकच छापलं नसेल तर संस्थेच्या लेटरहेडवर नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, प्रयोगाची तारीख, स्थळ आणि तुमचं काम असं पत्र घ्या, खाली सही आणि शिक्का. पत्रकावर नाव छापायला देताना दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच द्या. 'बंटी' ग्रुपवर राहू द्या.

याखेरीज नाट्यक्षेत्रातल्या एखाद्या जाणकाराचं शिफारसपत्र लागतं. ज्यांनी तुम्हाला तालमीत पाहिलंय अशाच दिग्दर्शकाकडून घ्या. मोठ्या नावाच्या मागे लागून मिळवलेलं दोन ओळींचं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं.

बाकीचे कागद

दहावीची गुणपत्रिका किंवा जन्मदाखला, पदवीची प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका, आधार, फोटो. यात वेळ जात नाही. वेळ जातो तो जातीच्या दाखल्यात. एनएसडी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था आहे, त्यामुळे ओबीसी दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या कामासाठी काढलेलं नॉन-क्रिमीलेअर तिथे दाखवून उपयोग नाही. सेतू केंद्रात अर्ज करताना 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी बघा. राज्यातला एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला, तोही केंद्राच्या नमुन्यातला, काढता येतो. हे सगळं जाहिरात आल्यावर सुरू केलं तर मुदत संपते. नावात फरक असेल, लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर राजपत्रातली नोंद जोडा.

कॉलेज आणि प्रशिक्षण एकाच वेळी

आता ज्यांना पदवीच्या वर्षांतच पद्धतशीर शिकायचं आहे त्यांच्यासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. दोन्ही पूर्णवेळ आणि प्रत्यक्ष वर्गातले असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. नाहीतर एक वर्गातला आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ. पीएचडीला ही सवलत नाही. दूरस्थ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचाच हवा; आपल्याकडे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बीए हा अनेक कलाकारांनी धरलेला रस्ता आहे. दिवसभर तालीम, रविवारी अभ्यास.

व्यवहारात अडचण येते ती मूळ दाखल्याची. दोन्ही कॉलेजं मूळ एलसी मागतात आणि एलसी एकच असतो. माझ्या एका मैत्रिणीला एका कॉलेजच्या खिडकीवर 'असला नियम आमच्याकडे आलेला नाही' म्हणून परत पाठवलं होतं. यूजीसीची परवानगी असली तरी ती प्रत्यक्षात कशी राबवायची हे विद्यापीठ ठरवतं. म्हणून फी भरण्याआधी दुसऱ्या संस्थेला लेखी विचारा की साक्षांकित प्रत आणि पहिल्या कॉलेजचं बोनाफाइड चालेल का. उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको.

ज्यांना पदवीच नाटकात हवी आहे त्यांनी पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या ललित कला केंद्राकडे बघावं. नृत्य आणि संगीतही तिथे शिकवतात. ही पदवी असली तरी पुढे एनएसडीला अर्ज करताना सहा नाटकांची अट तशीच राहते, पण ललित कला केंद्रात शिकताना ती आपोआप भरून निघते.

अर्ज भरल्यावर

अर्ज ऑनलाइन भरायचा. कागद स्कॅन करताना मोबाइलने तिरके फोटो काढू नका. झेरॉक्सवाल्याकडे दहा रुपये जास्त देऊन नीट पीडीएफ करून घ्या आणि फाइलला नाटकाचं नाव द्या. छाननीनंतर वेगवेगळ्या शहरांत प्राथमिक फेरी होते. त्यात तयार करून आणलेले उतारे सादर करायचे, जोडीला गाणं, हालचाल आणि प्रश्न. 'तुम्ही केलेल्या या नाटकाचा लेखक कोण, ते कशाबद्दल आहे?' हा प्रश्न हमखास येतो, आणि पत्रकं जोडलेली असल्यामुळे थाप मारायची सोय नसते. त्यातून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात. मंडी हाउस मेट्रोला उतरा, भगवानदास रस्त्यावर बहावलपूर हाउस, चालत पाच मिनिटं.

दिल्लीला जाताना सगळे मूळ कागद एका फाइलमध्ये आणि सहाही पत्रकांच्या मूळ प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात घ्या. ती फाइल वरच्या बर्थवर ठेवू नका, उशाखाली घ्या.