पाचांपैकी चार: दोन गटांच्या संभाव्यतेचे गणित

एका वाणाच्या 3 आणि दुसऱ्या वाणाच्या 2 बिया पेरल्या आहेत. पहिल्या वाणाची प्रत्येक बी रुजण्याची संभाव्यता 0.8 आणि दुसऱ्याची 0.5 आहे, एका बीच्या रुजण्या-न रुजण्याचा दुसरीवर काहीही परिणाम होत नाही. तर नेमक्या 4 बिया रुजण्याची संभाव्यता किती?

येथे सरासरी काढण्याचा मोह होतो. रुजणाऱ्या बियांची अपेक्षित संख्या 2.4 + 1 म्हणजे 3.4, म्हणून प्रत्येक बीची संभाव्यता 0.68 धरायची आणि द्विपदी वितरणाच्या (ठरावीक प्रयत्नांत किती वेळा यश येईल याची संभाव्यता सांगणाऱ्या) सूत्रात पाच बिया घालायच्या. उत्तर येते सुमारे 0.342, आणि ते चूक असते. गणितज्ञ याकोब बर्नुली यांच्या मृत्यूनंतर 1713 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या वितरणाची मांडणी आहे, आणि त्याला प्रत्येक प्रयत्नात यशाची संभाव्यता एकच असावी लागते. ही अट प्रत्येक गटात स्वतंत्रपणे पाळली जाते, पण दोन्ही गट मिसळले की मोडते.

म्हणून गट वेगळे ठेवावेत. चार बिया दोनच प्रकारे रुजू शकतात. पहिल्या गटातील तिन्ही (0.8 × 0.8 × 0.8 = 0.512) आणि दुसऱ्यातील नेमकी एक (2 × 0.5 × 0.5 = 0.5) रुजण्याची संभाव्यता 0.512 × 0.5 = 0.256. पहिल्यातील नेमक्या दोन (3 × 0.8 × 0.8 × 0.2 = 0.384) आणि दुसऱ्यातील दोन्ही (0.5 × 0.5 = 0.25) रुजण्याची 0.384 × 0.25 = 0.096. गट स्वतंत्र असल्यामुळे गुणाकार, आणि हे दोन प्रकार एकाच वेळी घडू शकत नसल्यामुळे बेरीज: 0.352.

फरक लहान दिसतो, पण पाचही बिया रुजण्याची खरी संभाव्यता 0.128 असताना सरासरीची पद्धत ती सुमारे 0.145 दाखवते. यामागचे कारण मला मूळ उत्तराहूनही महत्त्वाचे वाटते. सरासरी धरल्याने अपेक्षित संख्या बिघडत नाही, बिघडतो तो विस्तार. तो मोजणारी संख्या म्हणजे विचरण, आणि ते प्रत्येक बीसाठी रुजण्याच्या व न रुजण्याच्या संभाव्यतांचा गुणाकार करून, ते गुणाकार मिळवून येते: खरे विचरण 0.48 + 0.5 = 0.98 आहे, तर सरासरीवरून ते 1.088 येते. दोन गटांच्या संभाव्यता वेगळ्या असल्या की खरे विचरण नेहमी कमीच असते. पहिल्या वाणाची प्रत्येक बी हमखास रुजणारी आणि दुसऱ्याची एकही न रुजणारी असेल, तर एकूण संख्या दर वेळी 3 च येईल आणि विचरण शून्य होईल. तरीही सरासरी 0.6 धरणारा माणूस शून्यापासून पाचापर्यंतच्या सगळ्या शक्यता मोजत बसेल.